‘मुघल-ए-आझम’ होता तसा दाखवा

प्रति,
महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांचे मालक, चालक आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या मोठ्या थिएटरवाल्यांपासून तालुक्याच्या गावात अजून तग धरून असलेल्या टॉकीजवाल्यांपर्यंत तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे, म्हणून ते उघड लिहिते आहे. मागणी एकच आहे. दर वर्षी ५ ऑगस्टला, नाही जमलं तर त्या आठवड्यात सोयीच्या दिवशी, ‘मुघल-ए-आझम’चा एक खेळ लावा. आणि तो नंतर रंगवलेला नको. १९६० साली लोकांनी पाहिला तसा हवा. कृष्णधवल, आणि शीशमहालात, म्हणजे आरशांच्या महालात, अचानक रंगांत उमलणारा.

ही मागणी कुठून आली ते सांगते.

आईचं लग्न १९५९ सालचं. करी रोडला चाळीत एक खोली, वडील गिरणीत, धाकटे दीर शिकायला घरात. पुढच्याच वर्षी मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरला ‘मुघल-ए-आझम’ लागला. थिएटर तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. रिळं हत्तीवरून मिरवत आणली, तिकिटासाठी लोक रस्त्यावर पथाऱ्या टाकून होते, घरची माणसं त्यांना रांगेत डबे आणून देत होती, हे आता पुस्तकांतही वाचायला मिळतं. आमच्याकडे ते वडिलांच्या तोंडून आलं. ते आणि शेजारचे दोघं गिरणीतल्यासारख्या पाळ्या लावून रांगेत उभे राहिले, तरी पहिले काही आठवडे हाती काही लागलं नाही. दिवाळी झाल्यावर तिकिटं मिळाली, स्टॉलची. आई लग्नातला शालू नेसून गेली. शालू नेसून सिनेमाला जायची ती तिची पहिली आणि शेवटची वेळ.

आम्हा भावंडांना हा सिनेमा आईने इतक्या वेळा सांगितला, पण कधीही सुरुवातीपासून सांगितला नाही. ती सुरू करायची ती इथून: “सगळं काळं-पांढरं चाललेलं. राजवाडा काळा-पांढरा, दागिने काळे-पांढरे, कारंजी काळी-पांढरी. आपण म्हणतो, सिनेमा असाच असतो. आणि मग एकदम रंग आला.” एवढं बोलून ती थांबायची. पोळी तव्यावर असेल तर ती करपायची. थिएटरमध्ये तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, असं ती सांगते. सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला, तो आवाज तिला अजून आठवतो.

मी स्वतः तो पाहिला १९७७ च्या सुमारास, कॉलेजात असताना, मैत्रिणींबरोबर मॅटिनीला. प्रत झिजलेली होती, मधे दोनदा रीळ तुटलं, पंखे घरघरत होते. काय होणार ते मला पाठ होतं. तरीही रंग आला आणि माझ्याही तोंडून तोच श्वास निघाला. आईची गोष्ट खोटी नव्हती, वाढवून सांगितलेली नव्हती, हे मला त्या दुपारी कळलं. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला काही बोलले नाही, नुसती बघून हसले. तिला कळलं.

मग आलं २००४ साल. १२ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, हा चित्रपट संगणकावर पूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. त्याच शुक्रवारी ‘वीर-झारा’ही लागला होता. मी पोस्टातून रजा काढली आणि आईला घेऊन गेले. ती तेव्हा पासष्ट वर्षांची. चष्मा पुसून, पिशवीत खडीसाखर घेऊन, सरसावून बसली. पडदा मोठा, आवाज स्वच्छ, चित्र झकझकीत. दासी अनारकली, तिच्यावर प्रेम करणारा अकबराचा मुलगा सलीम, त्याची आई जोधाबाई, सगळे रंगीत. आई अधूनमधून हळू आवाजात पुढचं वाक्य आधी म्हणायची. शीशमहालाचा प्रसंग जवळ आला तसा तिने माझा हात धरला. गाणं सुरू झालं. गाणं संपलं. तिचा हात तसाच. मग माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “आला नाही गं.”

मी विचारलं, “काय?”

“रंग. आधीपासूनच सगळीकडे असल्यावर तो येणार कुठून?”

मंडळी, त्या एका वाक्यात माझं सगळं म्हणणं आलं. पुढचं जे लिहिते आहे ते त्याचं स्पष्टीकरण आहे.

रंगकाम करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. एकेका चौकटीवर बसून त्यांनी अफाट मेहनत केली. जुन्या प्रतीवरचे ओरखडे गेले, संगीतकार नौशादसाहेबांच्या देखरेखीखाली संगीत नव्याने ध्वनिमुद्रित झालं, आणि ज्या पिढीने कृष्णधवल चित्रपट म्हटलं की चॅनल बदलला असता ती पिढी थिएटरात आली. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, तो लाहोरलाही लागला. हे सगळं चांगलंच झालं. पण रंगवताना मूळच्या १९७ मिनिटांतली वीसेक मिनिटं कमी झाली. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की तेव्हापासून जिथेतिथे दिसतो तो तोच. माझ्या भाचीने फोनवर शीशमहालाचं गाणं शेकडो वेळा पाहिलंय. तिला मी विचारलं तर म्हणाली, “मावशी, सिनेमा रंगीतच होता ना?” तिचा दोष नाही. तिला दुसरं काही कुणी दाखवलंच नाही.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते खोटं नाही. दिग्दर्शक के. आसिफ यांना स्वतःलाच पूर्ण चित्रपट रंगीत हवा होता. टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत फिल्मवर, चित्रित केलेली रिळं पाहिल्यावर त्यांना सगळंच पुन्हा रंगीत करावंसं वाटलं. पण तोवर इतकी वर्षं आणि इतका पैसा गेला होता की पुढे कुणी थांबायला तयार नव्हतं. मग आपण त्यांची इच्छाच पूर्ण केली, असं रंगवलेल्या प्रतीच्या बाजूने म्हटलं जातं. मला वाटतं, कलावंताला काय करायचं होतं आणि त्याने काय केलं यांत आपण प्रेक्षकांनी दुसऱ्याला धरून चालावं. आसिफसाहेबांनी पूर्ण रंगीत केला असता तर तो वेगळा चित्रपट झाला असता, कदाचित याहून भव्य झाला असता. पण अडचणीतून जो घडला त्यात रंगाला अर्थ मिळाला. एका दासीने भर दरबारात, बादशहाच्या तोंडावर, मी प्रेम केलंय आणि मी भीत नाही असं गायचं, आणि त्या क्षणी सगळ्या जगाला रंग फुटायचा. असा प्रसंग कुणी ठरवून लिहिला असता तर आपण त्याला दाद दिली असती. तो जमून आला म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

त्या महालाबद्दल थोडं सांगते, कारण फोनच्या पडद्यावर त्यातलं काही दिसत नाही. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत तो सेट उभा राहिला. दीडशे फूट लांब, ऐंशी फूट रुंद, पस्तीस फूट उंच. काचा बेल्जियमहून आणलेल्या. बांधायलाच दोन वर्षं लागली. आणि बांधून झाल्यावर लक्षात आलं की त्यात चित्रण करताच येत नाही. दिवा लावला की हजार आरशांतून तो परत कॅमेऱ्यावर येई. जाणकारांनी हात टेकले. छायाचित्रणकार आर. डी. माथुर यांनी शेवटी दिवे थेट न मारता प्रकाश परतवून, मऊ करून आत सोडला आणि मार्ग निघाला. म्हणून तर छतातल्या प्रत्येक आरशात अनारकली फिरताना दिसते. अकबराने मान वर करावी तर ती, नजर वळवावी तर ती. राज्य त्याचं, महाल त्याचा, आणि त्याच्याच महालाची प्रत्येक काच तिची झालेली. हे मोठ्या पडद्यावर मान वर करूनच पाहायला हवं, म्हणजे अकबराची मान का वर जाते ते कळतं.

पण माझा जीव अडकलाय तो रंगीत गाण्यापेक्षा त्याच्या आधीच्या दोन प्रसंगांत, आणि ते दोन्ही कृष्णधवलच हवेत.

पहिला पुतळ्याचा. दगड घडवणाऱ्या संगतराशाचा पुतळा वेळेत पुरा होत नाही, म्हणून तो एका जिवंत मुलीलाच पुतळा म्हणून उभं करतो. सलीम बाण मारून तिच्यावरचा पडदा उडवतो. ती हलत नाही. नंतर बादशहा विचारतो तेव्हा ती म्हणते, एक कथा सत्यात उतरताना पाहायची होती. आता विचार करा, काळ्या-पांढऱ्यात दगडाची आणि कातडीची छटा एकच असते. पडदा उडतो तेव्हा आपल्यालाही क्षणभर कळत नाही की समोर संगमरवर आहे की बाई. तिच्या पापणीची हालचाल हाच पहिला पुरावा. रंगवलेल्या प्रतीत गालावर गुलाबी आली की कोडं सुटलं. कथेतली माणसं फसतात, आपण फसत नाही. मूळ प्रतीत आपणही त्यांच्यातले एक असतो.

दुसरा प्रसंग पिसाचा. तो मी किती वेळा पाहिला असेल त्याची गणती नाही, आणि तरी सांगताना शब्द अपुरे पडतात. रात्रीची बाग. दूर कुठेतरी तानसेन गातो आहे. तो आवाज उस्ताद बडे गुलाम अली खाँसाहेबांचा, सोहनी रागातला. सलीम एक पांढरं पीस अनारकलीच्या चेहऱ्यावरून फिरवतो. बास. बोलणं जवळजवळ नाही, मिठी नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यापासून हलत नाही. पीस कपाळावरून येतं, गालावरून खाली सरकतं, ओठांपाशी थबकतं, आणि तिचे डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. वर तान चढते आणि खाली चेहऱ्यावर तीच तान उतरत जाते. काळोख, पांढरं पीस, पांढरा चेहरा. यात रंगाला जागाच कुठे आहे?

चित्रणाच्या त्या सुमारास अनारकली झालेली मधुबाला आणि सलीम झालेले दिलीपकुमार यांच्यातलं खरं प्रेम संपलं होतं, दोघांत बोलणंही उरलं नव्हतं, हे पुढे दिलीपसाहेबांच्या आठवणींतूनही आलं. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचं म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणायची, “ती बाई त्या सगळ्या सिनेमात थकलेली दिसते. दागिन्यांतसुद्धा.” मधुबालाच्या हृदयात जन्मापासून दोष होता. कैदेतल्या प्रसंगांत तिच्या अंगावर खऱ्या लोखंडी साखळ्या होत्या. १९६९ च्या फेब्रुवारीत ती गेली तेव्हा ती फक्त ३६ वर्षांची होती. ती बातमी आली त्या दिवशी आईने सकाळी चूल उशिरा पेटवली, एवढं मला आठवतं. मी लहान होते, कारण मोठी झाल्यावर समजलं.

आता कुणी म्हणेल, अहो, ही कथा खरी तरी आहे का? अबुल फझलच्या अकबरनाम्यात अनारकली नाही, पुढे जहांगीर झालेल्या सलीमच्या आत्मचरित्रातही नाही. लाहोरात तिच्या नावाची कबर आहे, तिच्यात नक्की कोण आहे यावर इतिहासकारांचा वाद आहे. सलीमने बापाविरुद्ध बंड केलं हे खरं, पण ते अलाहाबादेत आणि तख्तासाठी. गोष्ट म्हणून अनारकली घराघरांत पोचली ती इम्तियाझ अली ताज यांच्या १९२२ च्या नाटकामुळे. हे सगळं मला माहीत आहे, आणि ते नव्या प्रेक्षकांना सांगायलाही हवं. पण शाकुंतल पाहताना आपण दुष्यंताचा ताम्रपट मागत नाही. इथेही इतिहासाची पोथी मागायला आपण जात नाही. बाप आणि मुलगा यांच्यातलं भांडण पाहायला जातो, आणि ते भांडण शंभर टक्के खरं आहे.

तेच तर या चित्रपटाचं टिकण्यामागचं कारण आहे, असं मी इतक्या वर्षांनी ठामपणे म्हणते. यात खलनायक नाही. बहार ही दुसरी दासी कारस्थान करते, हो, पण तीही प्रेमातच हरलेली आहे. कव्वालीच्या मुकाबल्यात तिला गुलाब मिळतो आणि अनारकलीला काटे, तेव्हा काटे घेणारीचा चेहरा जिंकलेला असतो आणि गुलाब घेणारीला ते दिसतं. अकबर दुष्ट नाही. तो पोटच्या पोरासाठी तापलेल्या वाळूतून अनवाणी सलीम चिश्तींच्या दर्ग्याला गेलेला बाप आहे. ज्या दासीने मुलाच्या जन्माची बातमी आणली तिला त्याने अंगठी देऊन शब्द दिला होता, आणि शेवटी तोच शब्द त्याच्या न्यायाच्या आड येतो. अनारकली ही त्याच दासीची मुलगी. भिंतीत चिणायची शिक्षा झालेली मुलगी भुयारातून आईबरोबर निघून जाते, पण सलीमला हे कधी कळता कामा नये. म्हणजे बादशहाने न्यायही केला, शब्दही पाळला, आणि मुलाच्या नजरेत मात्र कायमचा खुनी ठरला. अकबर झालेल्या पृथ्वीराज कपूर यांनी शेवटच्या प्रसंगात खांदे कसे खाली सोडलेत ते पाहा. सलीमच्या वयात मी सलीमच्या बाजूने होते. माझ्या मुलाने मनाविरुद्ध लग्न ठरवलं त्या वर्षी मी अकबराच्या बाजूची झाले. चित्रपट बदलला नव्हता.

आणि जोधाबाई. दुर्गाबाई खोटे. आई त्यांना ‘आपल्या दुर्गाबाई’च म्हणते. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती झाल्या होत्या. आईची आई त्यांना पडद्यावर पाहून घरी येऊन रडली होती. नवरा मुलावर चालून निघाला आहे आणि तिने त्याच्या हातात तलवार द्यायची आहे, हा प्रसंग दुर्गाबाई जवळजवळ काहीच न करता करतात. हात कापतो, आणि डोळे कुठे पाहावं ते न कळून तलवारीच्या मुठीवर थांबतात. मराठी बाईने मुघल राणी व्हावं आणि गिरणगावातल्या बायकांना ती आपल्या घरातली मोठी जाऊ वाटावी, हे सोपं नव्हतं.

भाषेचंही तसंच. गेल्या वर्षी मी एका थिएटरच्या व्यवस्थापकाकडे हीच मागणी घेऊन गेले होते. तो म्हणाला, “बाई, ती उर्दू आता कोणाला कळते?” मला त्याला सांगायचं होतं की माझी आई मराठी चौथी शिकलेली आहे. करी रोडच्या चाळीत तिला उर्दू कोणी शिकवली नव्हती. तरी तिला तख्त कळलं, फर्मान कळलं, दरबार, हुकूम, जुलूम, खजिना, अर्ज, कैद, सगळं कळलं, कारण यातले बहुतेक शब्द तीनशे-चारशे वर्षांपासून आपल्या मराठीतच राहताहेत. जे कळले नाहीत ते तिने विचारून घेतले. कनीज म्हणजे दासी, संगतराश म्हणजे दगड घडवणारा. वीसएक शब्दांचा प्रश्न आहे. तुम्ही खेळ लावणार असाल तर तेवढ्या शब्दांच्या अर्थाचं एक चिठोरं मी स्वतः तयार करून, छापून आणून दारात वाटीन. खर्च माझा.

‘कोण येणार’ हा दुसरा प्रश्न. तो तुमच्या धंद्याचा आहे, त्याचा मी आदर करते. वीजबिल, पगार, कर, सगळं तुम्हाला रोज भरावं लागतं. पण तुम्हीच गेली दोन-तीन वर्षं जुने चित्रपट पुन्हा लावताय आणि त्यांना गर्दी होते आहे, मुलंमुली पाठ असलेली गाणी पडद्याबरोबर म्हणताहेत. ज्या मराठा मंदिरला ‘मुघल-ए-आझम’ लागला त्याच मराठा मंदिरने १९९५ साली आलेली एक प्रेमकथा पंचवीस वर्षांहून जास्त काळ पडद्यावर ठेवली. मी रोजचा खेळ मागत नाही. वर्षातून एक दिवस मागते आहे.

आणि हा चित्रपट घाईच्या हिशोबात कधी बसलाच नाही. चाळिशीच्या दशकात तो चंद्रमोहन, सप्रू आणि नर्गिस यांना घेऊन सुरू झाला होता. फाळणी झाली, पैसा घालणारे शिराज अली हकीम पाकिस्तानात गेले, मग अकबर होणारे चंद्रमोहनच वारले. सगळं पहिल्यापासून मांडावं लागलं. शापूरजी पालनजी हे बांधकाम व्यवसायातले गृहस्थ उभे राहिले म्हणून तो पुरा झाला. मधल्या काळात, १९५३ मध्ये, याच कथेवरचा ‘अनारकली’ येऊन गेला, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चालींनी सगळा देश वेडा करून गेला. दुसरा कोणी असता तर त्याने गाशा गुंडाळला असता. आसिफ थांबले नाहीत. मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांकडून, जरीचं भरतकाम सुरतेच्या माणसांकडून, जोडे आग्र्याहून, हत्यारं राजस्थानच्या लोहारांकडून. लढाईसाठी दोन हजार उंट, चारशे घोडे, आठ हजार माणसं. या माणसाने उभ्या आयुष्यात दोनच चित्रपट पुरे केले आणि त्यातल्या एकासाठी दीड दशक दिलं. आपल्याला त्यासाठी एक दिवस द्यायचा आहे, तोही सव्वातीन तासांचा.

काय करायचं तेही लिहिते, म्हणजे नंतर अडायला नको. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांच्याकडे मूळ कृष्णधवल प्रत मागा. एकट्याने मागितली तर कदाचित मिळणार नाही, म्हणून पाच-दहा थिएटरवाल्यांनी मिळून मागा. जाहिरातीत ‘मूळ प्रत’ असं ठळक लिहा, म्हणजे लोक चुकून रंगीत समजून येणार नाहीत आणि ज्यांना हीच हवी ते लांबून येतील. मध्यंतर पंधरा मिनिटांचं ठेवा, वयस्कर माणसं जास्त असतील. आणि एक विनंती यंत्र चालवणाऱ्यांना. शीशमहालाच्या आधी आवाज कमी-जास्त करू नका, दिवे लावू नका, उशिरा आलेल्यांना त्या वेळी आत सोडू नका. तो श्वास एकदाच घेता येतो.

आई आता शहाऐंशीच्या पुढे आहे. माझ्याकडे साताऱ्याला असते. ऐकू थोडं कमी येतं, दिसतं मात्र व्यवस्थित, मोतीबिंदू काढलाय. मी हे पत्र लिहिते आहे हे तिला सांगितलं, तर तिने पहिली गोष्ट काय विचारली असेल? “पण त्यात रंग नंतरच येणार ना?” मी हो म्हटलंय. माझा तो शब्द तुमच्या हातात आहे.

भाचीलाही आणणार आहे. तिला मी आधी काही सांगणार नाही.

साताऱ्यापासून चार-पाच तासांच्या अंतरावर कुठेही खेळ लावलात तरी आम्ही येऊ. आईला जिना चढवत नाही, त्यामुळे बाल्कनीचा हट्ट नाही. खाली स्टॉलमध्ये, कडेच्या तीन खुर्च्या पुरतील. ती १९६० सालीही तिथेच बसली होती.

आपली नम्र,
पोस्टातून निवृत्त झालेली एक प्रेक्षक
सातारा